पुढच्यास ठेच, मागचा शहाणा?

नववीच्या दोन तुकड्या हॉलमध्ये सतरंजीवर बसल्या होत्या. गुलाबाचं फूल देऊन पाहुण्यांचं स्वागत झालं आणि पन्नाशीचे एक गृहस्थ माईकसमोर उभे राहिले. ‘मी बेवडा आहे. गेली अकरा वर्षं प्यायलो नाही,’ ही त्यांची पहिली दोन वाक्यं. पुढची चाळीस मिनिटं हॉल चिडीचूप. गहाण पडलेलं बायकोचं मंगळसूत्र, गेलेली नोकरी, स्टँडवर काढलेल्या रात्री, सगळं त्यांनी काही न लपवता सांगितलं. शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. ‘काका, एवढं सगळं करूनसुद्धा आता तुम्ही एकदम ठीक आहात ना?’ बाईंनी डोळे वटारले. पाहुणे मात्र क्षणभर गप्प झाले. प्रश्न बिनतोड होता.

याच गृहस्थांना मी नंतर एका व्यसनमुक्ती केंद्राच्या वॉर्डात पाहिलं. तिथे ते आठवड्यातून तीन संध्याकाळी जातात. दाखल होऊन तिसरा दिवस झालेल्या एका तरुणाचे हात इतके कापत होते, की चहाचा कप तोंडापर्यंत जात नव्हता. यांनी कप त्याच्या हातातून काढून घेतला, निम्मा चहा बशीत ओतला आणि परत दिला. ‘अर्धाच घेत जा. भरलेला सांडतो, मग आणखी लाज वाटते.’ दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या पोरानं पहिल्यांदाच मान वर करून कुणाकडे तरी पाहिलं.

माणूस तोच, अनुभवही तोच, पण कामं दोन. व्यसनाविषयीच्या सामाजिक कामाचा गेल्या काही दशकांचा आढावा घेताना या दोन कामांतला फरक पुन्हापुन्हा समोर येतो. एक काम प्रबोधनाचं, म्हणजे व्यसन लागूच नये म्हणून बोलायचं. दुसरं सोबतीचं, म्हणजे लागलेलं सुटावं म्हणून बरोबर राहायचं. आपण दोन्हींना ‘व्यसनमुक्ती’ या एकाच शब्दात बांधतो, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

माळ, शपथ आणि सभा

व्यसन सोडण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी सामुदायिक रीत तुळशीच्या माळेची. ‘त्यानं माळ घातली’ एवढं म्हटलं की गावाला पुढचं सांगावं लागत नाही. माळकऱ्याला कुणी दारू-मटणाचा आग्रह करत नाही. त्याला नवी संगत मिळते, रिकामी संध्याकाळ भरायला भजन मिळतं, वर्षाकाठी वारी मिळते, आणि पाय घसरला तर जाब विचारणारी चार माणसंही मिळतात. गाडगेबाबांची कीर्तनं याच वाटेवरची. दुसरी वाट दुकानाविरुद्धची. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी लेखी आवाज उठवला होता. माणूस सावरायचा की दुकान हटवायचं, हा प्रश्न त्या अर्थानं आपल्याकडे दीडशे वर्षांचा आहे.

अमेरिकेत १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि वॉशिंग्टोनियन सोसायटी काढली. सभेत उभं राहून प्रत्येकानं आपली कहाणी सांगायची, ही त्यांची पद्धत. चळवळ वणव्यासारखी पसरली आणि थोड्याच वर्षांत राजकारण व अंतर्गत वादांत विरूनही गेली. त्यानंतर जवळपास शतकानं, १९३५ च्या मे महिन्यात, अ‍ॅक्रन शहरातल्या एका हॉटेलात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस उभा होता. धंद्याचं काम फिसकटलं होतं आणि समोर बारचा गलका ऐकू येत होता. आपण पुन्हा पिणार हे त्याला कळलं, तेव्हा त्यानं फोन करकरून दुसरा एक दारुडा शोधला. त्याला सुधारण्यासाठी नव्हे. त्याच्याशी बोललो तर आपण तगू, म्हणून. तो दुसरा माणूस म्हणजे डॉ. बॉब स्मिथ. ते स्वतः सर्जन होते. दारू शरीराचं काय करते हे त्यांना शिकवण्याची गरज नव्हती. त्यांनी १० जून १९३५ नंतर दारू घेतली नाही, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ‘एए’चा, स्थापनादिन मानला जातो. मदत करणाऱ्यालाच मदतीचा पहिला लाभ होतो, या गोष्टीला समाजशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये सिद्धान्ताचं रूप दिलं. एएच्या सभासदांना ते तीस वर्षं आधीपासून ठाऊक होतं.

भारतात एए १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाली. पण व्यसनमुक्ती हा सार्वजनिक विषय झाला तो १९८० च्या दशकात, ब्राउन शुगर शहरांच्या गल्ल्यांत उतरल्यावर. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये टी. टी. रंगनाथन फाउंडेशनचं काम सुरू केलं. मुंबईत फादर जो परेरा यांची कृपा फाउंडेशन १९८१ ची. पुण्यात अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे याच ब्राउन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या मुलांवर लिहिलं. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकारानं ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. बरे झालेले रुग्णच तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक होत गेले. आज राज्यातल्या बहुतेक केंद्रांत हेच दिसतं, म्हणून त्याचं नवल वाटत नाही. पण मनोरुग्णालयाच्या आवारात कालच्या पेशंटला आज कर्मचारी म्हणून उभं करणं त्या काळी धाडसच होतं. ईशान्येला, इंफाळमध्ये, १९९१ साली पूर्वी स्वतः ड्रग घेणाऱ्यांनीच सासो ही संस्था काढली. सुयांमधून पसरणाऱ्या एचआयव्हीनं तिथे वेगळीच निकड आणली होती.

अडतिसातला एक

प्रश्न केवढा आहे याचं सर्वांत विश्वासार्ह चित्र केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’नं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मिळतं. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के. ज्यांचं पिणं धोक्याचं किंवा पूर्ण व्यसनाचं आहे असे साधारण ५.७ कोटी. अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले ७७ लाखांच्या आसपास, आणि सुईनं ड्रग घेणारे साडेआठ लाख.

पाहणीतला माझ्या दृष्टीनं सर्वांत बोलका आकडा मात्र वेगळा आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठलीही मदत मिळाली होती. दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक. या बाकीच्या सदतीस जणांसाठी मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार? सोबत्याच्या कामाला आज सगळीकडे जे महत्त्व आलं आहे, त्यामागे या कामाविषयीची श्रद्धा जितकी, तितकीच ही टंचाईही आहे. लेखाच्या उत्तरार्धात येणारे बरेच वाद या टंचाईतूनच जन्मले आहेत.

भीतीचा तास

आधी प्रबोधन. आपल्या शाळांमध्ये याचा साचा ठरलेला आहे. २६ जूनचा जागतिक अमली पदार्थविरोधी दिन, काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं पोस्टर, पोलीस निरीक्षकांचं भाषण, शपथ, निबंध स्पर्धा. यामागची भूमिका सरळ आहे: परिणाम कळले की मुलं दूर राहतील. ती बाळगणारी माणसं प्रामाणिक असतात, आणि शून्यापेक्षा काहीतरी बरं हे त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

पण या भूमिकेची मोठी परीक्षा झाली आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन ड्रगविषयी शिकवायचे. तो अमेरिकाभर आणि बाहेरही पसरला. पालक खूश, शाळा खूश. १९९० च्या दशकापासून अभ्यासकांनी मोजमाप केलं तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा परिणाम नगण्य निघाला. शेवटी कार्यक्रमाला आपला जुना अभ्यासक्रम बदलावा लागला.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं जगभरचे अभ्यास एकत्र करून प्रतिबंधाची मानकं काढली आहेत. त्यांत निष्फळ किंवा अपायकारक ठरलेल्या गोष्टींची यादी आहे: नुसती माहिती, त्यातही भीती घालणारी, एकतर्फी व्याख्यानं, आणि पूर्वी व्यसनी असलेल्यांच्या जाहीर कहाण्या. तिसरी गोष्ट वाचून मला त्या नववीतल्या मुलाची आठवण झाली. मोठ्यांना त्या कहाणीत पडलेला माणूस दिसतो. चौदा वर्षांच्या मुलाला पडून उठलेला, टाळ्या मिळवणारा, माईकसमोर उभा असलेला माणूस दिसतो. ठेच पाहून मागचा शहाणा होतो हे खरं असेल. पण मागच्यानं पाहिलं ते ठेच लागलेलं बोट नव्हे, बरं झालेलं.

मग काय उपयोगी पडतं? या यादीत ज्यांना बळ मिळतं ते कार्यक्रम दिसायला रटाळ आहेत. नकार कसा द्यायचा, राग आणि कंटाळा कसा हाताळायचा, मित्र ‘घेतातच’ असं वाटतं तेव्हा खरोखर किती जण घेतात, याचे आठवड्याला एक असे महिनोन्‌महिने चालणारे तास, पालकांसाठी वर्ग, आणि शाळेचं स्वतःचं वातावरण. केंद्र सरकारच्या योजनेत वस्तीतल्या किशोरांनाच तयार करून त्यांच्याकरवी इतर मुलांपर्यंत पोचण्याचा कार्यक्रम आहे, तो याच विचाराचा. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालेल्या ‘नशामुक्त भारत अभियाना’तही स्वयंसेवकांवर मोठा भर आहे. तरी जिल्हा पातळीवर पाहिलं तर रॅली आणि शपथ यांचं पारडं जड दिसतं. रॅलीचा फोटो अहवालाला जोडता येतो. वर्षभराच्या वीस तासांचा जोडता येत नाही.

पूर्वाश्रमीच्या व्यसनींना शाळेत नेण्याच्या बाजूनं एक मुद्दा मात्र ऐकून घ्यायला हवा. अनुभवी कार्यकर्ते सांगतात, की अशा भाषणानंतर फाटकापाशी घुटमळणारं एखादं मूल असतंच. त्याला स्वतःसाठी काही विचारायचं नसतं. बाबांसाठी केंद्राचा पत्ता हवा असतो. म्हणजे कार्यक्रम प्रतिबंधाचा म्हणून ठरतो आणि उपयोगी पडतो उपचाराची वाट दाखवणारा म्हणून. मोजणारे अभ्यासक हे मोजत नाहीत, ही तक्रार रास्त वाटते.

उभी बाटली, आडवी बाटली

प्रबोधनाचा तिसरा विचार व्यक्तीला नव्हे, गावाला उद्देशून आहे, आणि त्याची सर्वांत मोठी प्रयोगशाळा आपला विदर्भ. वर्धा १९७५ पासून दारूबंदीचा जिल्हा. गडचिरोलीत स्त्रिया आणि कार्यकर्त्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर १९९३ मध्ये बंदी आली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचा त्यात मोठा वाटा. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. राज्यभर, स्त्रियांच्या मतदानानं गावातलं दुकान बंद करण्याची तरतूद आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. इतकी सोपी आणि इतकी स्पष्ट मतपत्रिका लोकशाहीत क्वचितच निघाली असेल.

बंदीचे समर्थक म्हणतात, दारू मिळणंच कठीण झालं की नव्यानं पिणारे कमी होतात, आणि घरात मार खाणाऱ्या बाईला उद्याच्या प्रबोधनापेक्षा आजचं बंद दुकान हवं असतं. विरोधक चोरटी दारू, वाढलेले भाव, पोलिसांचे हप्ते आणि बुडणारा महसूल दाखवतात. दोन्ही बाजूंच्या हाती खरे दाखले आहेत. या वादापलीकडे जाण्याचा प्रयत्न म्हणून गडचिरोलीतलं ‘मुक्तिपथ’ पाहण्यासारखं आहे. सर्च, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये ते सुरू केलं. लोकजागृती, गावोगावच्या संघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि तालुक्याला उपचार, अशी चार कामं एकत्र. आणि दारूच्या जोडीला तंबाखू.

तंबाखू का, हे कळायला तिथल्या एखाद्या पानठेल्यावर उभं राहावं. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घेऊन ठेलेवाला तो तळव्यानं घोटत असतो, घोटत असतो, आणि पुडी बांधून देतो. हा खर्रा. शाळेतली पोरं तो खातात, बाया खातात, पाहुण्याला विचारला जातो. राज्यात गुटखाबंदी २०१२ ची; घोटलेल्या खर्ऱ्यावर छापील वेष्टन नसतं, कारखाना नसतो, धाड घालायची तर दर शंभर पावलांवर घालावी लागेल. इथे व्याख्यान अपुरं आणि कायदाही अपुरा. ठेलेवाला गावातलाच, त्यामुळे गावानंच त्याच्याशी बोलायचं, हा मुक्तिपथचा मार्ग. गावसंघटना जिथे जाग्या आहेत तिथे ते जमतं आणि थकल्या की खर्रा परत येतो. जमणं आणि टिकणं यांतलं अंतर कसं बुजवायचं, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही.

अर्धा कप चहा

आता सोबतीकडे. आधी शब्दाची अडचण सांगतो. इंग्रजी ‘पीअर’साठी सरकारी मराठीत ‘समवयस्क’ वापरतात. नववीच्या वर्गात ते चालेल, वॉर्डात नाही. तिथे वय जुळण्याशी कुणाला देणंघेणं नसतं, दुखणं जुळावं लागतं. ‘समदुःखी’ जवळचा शब्द, पण रडका. मी ‘सोबती’ म्हणतो. केंद्रांत तर सगळे सरळ ‘काउन्सेलर’ किंवा ‘सर’ म्हणतात.

सोबती करतो काय? थरथरणाऱ्या हातात अर्धा कप देतो. घरी फोन करायला लावतो आणि फोनवर काय बोलायचं नाही ते सांगतो. पगाराच्या दिवशी घरी जायचा रस्ता बदलायला सांगतो. पेशंट ‘दाढ दुखते, बाहेर जाऊन येतो’ म्हणाला की हसतो, कारण ती दाढ कधीकाळी त्याचीही दुखली होती. घसरलेल्याला, म्हणजे तिथल्या भाषेत ‘स्लिप’ झालेल्याला, शिव्या न घालता फॉलोअपला बोलावतो. व्यसन पुन्हा उलटण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के मानलं जातं, जे दमा किंवा रक्तदाब यांसारख्या दीर्घ दुखण्यांच्या जवळपास जातं. अशा आजारात डिस्चार्जनंतरची वर्षंच महत्त्वाची, आणि तेव्हा डॉक्टर नाही, सोबतीच जवळ असतो.

याचा पुरावा किती? एएवर १९३५ पासून दोन टोकांची मतं चालत आली. सभासदांसाठी ती जीवदान देणारी. टीकाकारांना ती देवाधर्मानं भरलेली, न मोजता येणारी. २००६ मध्ये कॉक्रेन या संशोधन-आढाव्यांच्या मान्यवर जाळ्यानं पुरावा अपुरा ठरवला होता. २०२० मध्ये त्याच जाळ्याचा नवा आढावा आला. २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. वर्षअखेरीस दारूपासून पूर्ण दूर राहिलेल्यांचं प्रमाण एए आणि तिच्याशी जोडून देणाऱ्या पद्धतशीर उपचारांत ४२ टक्के, इतर मानसोपचारांत ३५ टक्के. फरक थोडा, पण एएची सभा फुकट असते. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले. आणि त्यांत मोजलेली गोष्ट म्हणजे व्यावसायिकानं रुग्णाला एएशी नीट जोडून देणं. पगारी सोबत्यावरचे अभ्यास वेगळे आहेत. ते आशादायक असले तरी आखणीनं कच्चे आहेत, असं त्यांचे आढावे घेणाऱ्यांनीच नोंदवलं आहे.

गोव्यातला प्रयोग या चर्चेत कोंडी करून ठेवतो. ‘संगत’ संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोक्याच्या पातळीवर पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. थोडं प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक, जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी पिणं धोक्याच्या पातळीखाली आलेले ३६ टक्के. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत २६ टक्के. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, आणि पूर्वाश्रमीचे व्यसनी म्हणूनही निवडलेले नव्हते. मग काम कशानं झालं? ठेच लागलेली असणं गरजेचं आहे, की नीट ऐकून घेणं आणि आखीव पद्धत पुरते? सोबत्यांच्या बाजूचं उत्तर असं की गोव्यातले पुरुष पूर्ण आहारी गेलेले नव्हते; वॉर्डातल्या पेशंटची गोष्ट निराळी. उत्तर पटण्यासारखं आहे. पण वॉर्डात दोन्ही प्रकारचे कार्यकर्ते समोरासमोर ठेवून पाहिल्याशिवाय ते सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही.

सोबत्याचा पगार

अमेरिकेत २००७ पासून सरकारी आरोग्य-विम्यातून सोबत्याच्या कामाचे पैसे देण्याची वाट खुली झाली. प्रशिक्षण, प्रमाणपत्र, वरिष्ठाची देखरेख, अशी चौकट राज्याराज्यांत उभी राहिली. बाजूनं बोलणारे म्हणतात, की त्यामुळे कामाला प्रतिष्ठा आली. विरोधातला आवाज एएच्या परंपरेतूनच येतो. आपल्याला फुकट मिळालं ते फुकट द्यायचं. त्याची नोकरी केली की दिलेला वेळ घड्याळात मोजला जातो आणि समोरचा माणूस ‘केस’ होतो.

आपल्याकडे हा वाद इतक्या सुबक रूपात नाही. इथे पूर्वीच्या पेशंटला केंद्रात राहायला-जेवायला मिळतं, वर थोडे पैसे, आणि तो चोवीस तास ड्युटीवर. बाहेर नोकरी मिळत नाही म्हणून तो राहतो. तो राहतो म्हणून केंद्र चालतं. याला सेवा म्हणावं की शोषण, हे केंद्राकेंद्रावर ठरेल. त्याचीच स्लिप झाली तर काय, याचे नियम बहुतेक ठिकाणी लेखी नसतात. काही ठिकाणी त्याला त्याच दिवशी काढतात, काही ठिकाणी सोबती म्हणून थांबवून पेशंट म्हणून दाखल करतात. दुसरी रीत मला शहाणपणाची वाटते. शिवाय एक विसंगती, जी सगळे पाहतात आणि कुणी बोलत नाही: दारू सोडवणारे कितीतरी काउन्सेलर चहाच्या सुट्टीत सिगारेट ओढत असतात किंवा गालात तंबाखू धरून असतात.

गंभीर प्रश्न खाजगी केंद्रांतल्या मारहाणीचा. ‘मलाही असंच सरळ केलं होतं’ हे वाक्य अनुभवाचं दुसरं तोंड आहे. ठेच लागलेला प्रत्येक जण कनवाळू होतो असं नाही. काही जण दुसऱ्याला ठेच देण्याचा हक्क कमावल्यासारखे वागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू-ड्रगशी जोडलेल्या अवस्थांना मानसिक आजारांत धरलं. म्हणून अशा केंद्रांना नोंदणी आवश्यक झाली, आणि साखळीनं बांधणं किंवा एकांतात कोंडणं बेकायदा ठरलं. केंद्रचालकांची अडचण खोटी नाही: नशेत दंगा करणाऱ्याला घरचेच बांधून आणून सोडतात आणि ‘आत ठेवा’ म्हणतात. पण कायदा या जागी असंदिग्ध आहे, आणि तसाच तो असावा.

स्त्रियांच्या बाबतीत सोबतीची चौकट अजून अपुरी आहे. पिणाऱ्याची बायको म्हणून तिच्यासाठी गट आहेत. जगभर अल-अनॉन, मुक्तांगणात ‘सहचरी’. पिणारी म्हणून ती आली तर मात्र सभेत वीस पुरुष आणि ती एकटी. मुक्तांगणनं स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ काढलं, असे अपवाद आहेत. स्त्रियांचं १.६ टक्के प्रमाण दाखवून निधी नाकारला जातो. आणि लाजेपोटी पाहणीत खरं न सांगणाऱ्या किती, हा प्रश्न तसाच राहतो.

सोडणं की सावरणं

उरलेला सर्वांत खोल मतभेद ध्येयाचा. एए आणि तिच्या धर्तीवरची केंद्रं पूर्ण सोडण्यावर ठाम आहेत: ‘एक पेग जास्त आणि शंभर कमी’ अशी तिथली समजूत. दुसरी भूमिका हानी कमी करण्याची. सोडता येत नसेल तर निदान मरू नको, एचआयव्ही घेऊ नको. मणिपूरमधल्या सुया बदलून देण्याच्या कामातून आणि पुढे ‘नॅको’च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, ब्युप्रेनॉर्फिनसारख्या पर्यायी औषधांच्या केंद्रांतून ती भारतात रुजली. तिथला सोबती कधीकधी अजून घेणाराच असतो. तोच त्या गल्लीत शिरू शकतो. मुक्तीवाले विचारतात, औषधाच्या गोळीवर जगणारा माणूस मुक्त कसा? हानीवाले म्हणतात, आधी जिवंत तर राहू दे. अफूजन्य व्यसनात मृत्यू टाळण्याच्या बाबतीत पर्यायी औषधांचा पुरावा भक्कम आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यासाठी संपूर्ण वर्ज्य हाच सुरक्षित सल्ला, यावरही फार दुमत नाही. वाद खरा पेटतो तो दोघांना एकच नियम लावला जातो तेव्हा.

कायदा मधेच लोंबकळतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात सेवन हाही गुन्हा आहे, आणि त्याच कायद्याचं ६४-अ कलम स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देतं. दारूबाबत तर १९४९ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायलासुद्धा परवाना लागतो, हे पिणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? दरम्यान पदार्थ बदलत आहेत. मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, २०१५ मध्ये बंदी-यादीत आलं. मालेगावात झोपेच्या गोळ्या ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकल्या जातात. चाळीस वर्षं दारू आणि गर्द यांच्याशी झुंजलेल्या सोबत्याला एमडी घेणाऱ्या विशीतल्या मुलाचं दुखणं आपलं वाटेल का? ‘समवयस्क’ या शब्दाला इथे अचानक अर्थ येतो.

केंद्रांचे यशाचे आकडेही एकमेकांशी ताडता येत नाहीत. कुणी कोर्स पुरा करणाऱ्याला यशस्वी धरतो, कुणी वर्षभर न पिणाऱ्याला, कुणी कामावर परतलेल्याला. ही व्याख्या एक झाली तर निम्मे वाद पुराव्यावर येतील.

तोवर शाळांच्या मुख्याध्यापकांना एक विनंती. येत्या वर्षी त्या अकरा वर्षं न प्यायलेल्या गृहस्थांना बोलवाल, तेव्हा नववीच्या तासाला नको, पालकसभेला बोलवा. वडिलांनी यावं असा निरोप खास पाठवा. आणि फळ्याच्या कोपऱ्यात दोन नंबर लिहून ठेवा: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६. दोन्ही फोन मोफत आहेत.